खाडीकाठच्या नौकाविहार क्लबचे दहा वर्षांचे हिशेब : एका सभासदाचा अभिप्राय

ऐरोलीच्या बाजूला ठाणे खाडीकाठी असलेल्या आमच्या धर्मादाय नोंदणीच्या नौकाविहार क्लबचा मी दहा वर्षे सभासद आहे. प्रशिक्षक जीव लावून शिकवतात, पाण्यावरची शिस्तही चोख आहे. मात्र नवीन लोक मला आजीव सभासदत्व घ्यावे का असे विचारतात, म्हणून यंदा सर्वसाधारण सभेपूर्वी दहाही वर्षांचे ताळेबंद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले.

पहिली पाच वर्षे उत्पन्न-खर्च पत्रकात शिल्लक दिसते आणि तिच्या भरवशावर आम्ही सभासदांनीच वर्गणीवाढ दरवर्षी नामंजूर केली. त्या शिलकेत नव्या आजीव सभासदांचे एकरकमी शुल्क मिसळलेले होते. ज्या माणसाला पुढची वीस-पंचवीस वर्षे सेवा द्यायची, त्याचे पैसे एकाच वर्षात रखवालदाराच्या पगारात आणि धक्क्यालगतचा गाळ काढण्यात संपत होते. ती रक्कम बाजूला काढली तर पाचांपैकी चार वर्षे तुटीची निघतात. यात लपवाछपवी नव्हती. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे दरवर्षी ३१ मार्चचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घेतले जात होते, पण ते नीट वाचणारे आम्ही कमी पडलो.

घसाऱ्याचेही, म्हणजे होड्या वापराने जुन्या होतात त्यापोटी दरवर्षी हिशेबात धरायच्या खर्चाचेही, तसेच झाले. कागदावर तो नियमाने लावला गेला, पण तेवढी रोकड कधीच बाजूला ठेवली नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आली, वर्गणी थकली, होड्या उलट्या घालून ठेवाव्या लागल्या, आणि पुन्हा पाण्यात सोडायची वेळ आली तेव्हा दोन होड्यांच्या तळाचा फायबरचा थर नखाने पापुद्र्यासारखा सुटत होता. दुरुस्तीसाठी मुदत ठेव मोडावी लागली.

त्यानंतरच्या कार्यकारिणीने आजीव शुल्क थेट कायम निधीत घालून केवळ व्याज खर्चायचे ठरवले आणि वर्गणी वाढवली, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेपर्यंत उत्पन्न जवळपास थांबते आणि पगार मात्र चालूच राहतात, त्याची तरतूदही आता मे महिन्याच्या शिबिरांच्या रकमेतून होते. होड्या बदलण्याचा वेगळा निधी मात्र अजून उभा राहिलेला नाही.

वार्षिक सभासदत्व मी निःशंकपणे सुचवतो. आजीव सभासदत्वाचे पैसे भरण्यापूर्वी कार्यालयातून मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागून घ्यावेत. ते हसतमुखाने देतात. मुलीसाठी मी तूर्त वार्षिक अर्जच भरला आहे.