अमेरिकेतली जेडी पदवी : नावाचे किती पैसे मोजायचे?

अमेरिकेत वकील व्हायचं तर सहसा तीन वर्षांची जेडी (ज्युरिस डॉक्टर) ही कायद्याची पदवी घ्यावी लागते. नामांकित खासगी लॉ स्कूलची नुसती ट्यूशन फी वर्षाला ७५,००० डॉलरच्या वर गेली आहे. राहणं-खाणं, विमा, पुस्तकं धरली की खर्च १,१०,००० ओलांडतो. इतकी रक्कम यूएस न्यूज या माध्यम कंपनीच्या लॉ स्कूल क्रमवारीवर विसंबून मोजू नये. त्या क्रमवारीशी सहकार्य करणार नाही, असं येल आणि हार्वर्डनं २०२२ मध्येच जाहीर केलं होतं. त्यानंतर क्रमवारीचे निकष बदलले, पण हे नाव इतक्या पैशांचं आहे का, या फी भरणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आजही मिळत नाही.

ते मिळतं दोन कागदांत. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नियमामुळे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला प्रवेश, फी आणि स्कॉलरशिपच्या आकड्यांचा '५०९ रिपोर्ट' आणि पदवीधरांच्या नोकऱ्यांची 'एम्प्लॉयमेंट समरी' आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. दोन्ही फुकट आहेत आणि माहितीपत्रकापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

आधी एम्प्लॉयमेंट समरी उघडा. पदवीनंतर साधारण दहा महिन्यांनी कोण कुठे आहे, ते यात असतं. पूर्णवेळ, दीर्घ मुदतीच्या आणि वकिलीची सनद लागणाऱ्या नोकऱ्यांचा आकडा घ्या. त्यातून स्कूलनं स्वतःच्या पैशानं दिलेल्या नोकऱ्या वजा करा आणि उरलेल्याला एकूण पदवीधरांच्या संख्येनं भागा. 'जेडी ॲडव्हान्टेज', म्हणजे सनद लागत नाही पण जेडीचा फायदा होतो अशा नोकऱ्यांचा रकाना, यात मिसळू नका. त्यात चांगल्या नोकऱ्या असतात, तशा कायद्याची पदवी नसतानाही मिळाल्या असत्या अशाही असतात. मग २५१ ते ५०० आणि ५०१ किंवा जास्त वकील असलेल्या फर्मच्या ओळी आणि फेडरल क्लार्कशिप (केंद्रीय न्यायाधीशांच्या हाताखालची साहाय्यकाची नोकरी) यांची बेरीज करा. नावाला बाजारात खरोखर किती भाव आहे, ते या बेरजेतून कळतं.

या बेरजेला एवढं महत्त्व का? नव्या वकिलांच्या पगाराच्या आलेखाला दोन उंचवटे आहेत. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार २,२५,००० डॉलर. छोट्या फर्म, सरकारी वकील आणि पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींचा सरकारी खर्चानं बचाव करणारे वकील) यांच्याकडे तो बहुतेक ६० ते ९० हजारांच्या घरात. मधे फार थोडे. त्यामुळे 'सरासरी पगार' हा आकडा दिशाभूल करतो. तेवढा पगार क्वचितच कुणाला मिळतो. मोठ्या फर्म मुलं निवडतात ती पहिल्या वर्षाच्या, हल्ली तर पहिल्या सत्राच्याही, गुणांवर. पहिल्या चौदांत गणल्या जाणाऱ्या स्कूलमध्ये वर्गाच्या मध्यावर असलेल्यालाही तिथे वाव असतो. पन्नास-साठाव्या क्रमांकावरच्या स्कूलमध्ये वर्गात अगदी वर असावं लागतं. जास्तीचे पैसे मोजून मिळते ती ही सुरक्षितता, आणि मोठी फर्म किंवा फेडरल क्लार्कशिप हेच ध्येय असेल तर तिची किंमत मोजायला हरकत नाही.

मात्र कर्जाचं गणित बदललं आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे शिक्षणाच्या पूर्ण खर्चापर्यंत मिळणारं केंद्र सरकारचं (फेडरल) कर्ज बंद. कायद्याच्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर. १,१०,००० खर्चाच्या स्कूलमध्ये पूर्ण फी भरायची तर उरलेले ६०,००० घरचे किंवा खासगी कर्जाचे. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत १२० हप्ते भरल्यावर उरलेलं कर्ज माफ करणारी पीएसएलएफ योजना खासगी कर्जाला लागू नाही. दोन लाखांचं कर्ज आठ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला सुमारे २,४२७ डॉलर. ७५,००० पगाराच्या माणसाचा करापूर्वीचा महिना ६,२५० चा. एवढा बोजा घेऊन पब्लिक डिफेंडर होता येत नाही, मन कितीही तिकडे ओढ घेत असलं तरी.

म्हणून ज्याला कोणत्या राज्यात वकिली करायची हे पक्कं ठाऊक आहे, त्यानं तिथल्याच सरकारी लॉ स्कूलची स्कॉलरशिप घ्यावी. स्थानिक न्यायाधीश आणि फर्ममधले वकील बहुतेक तिथलेच माजी विद्यार्थी असतात. विस्कॉन्सिनमध्ये तर तिथल्या दोन्ही लॉ स्कूलच्या, म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या पदवीधरांना ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की बार परीक्षेशिवाय सनद मिळते.

स्कॉलरशिपचं पत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'जीपीए (गुणांची सरासरी) ३.० राखल्यास' अशी अट असेल आणि पहिल्या वर्षाचा वर्गाचा मध्य ३.० वरच बांधलेला असेल, तर जवळपास निम्मा वर्ग अटीखाली जाणार हे आधीच ठरलेलं आहे. अभ्यास सगळेच करतात, पण गुण एकमेकांच्या तुलनेत मिळतात. आदल्या वर्षी किती जणांची स्कॉलरशिप कमी झाली किंवा गेली, तो आकडा ५०९ रिपोर्टमध्ये असतो. तो मोठा असेल तर त्या स्कूलची पूर्ण फी धरूनच हिशेब करा.

स्कॉलरशिप वाढवून मिळते, पण मागावी लागते. लॉ स्कूलना आपल्या विद्यार्थ्यांच्या एलसॅट या प्रवेश परीक्षेतल्या गुणांचा मध्य सांभाळायचा असतो; तुमचा स्कोअर त्यांच्या ७५ व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे त्यांच्याकडच्या वरच्या चौथाईत असेल तर तुमचं पारडं जड. तेव्हा घाईनं अर्ज करण्यापेक्षा परीक्षा पुन्हा देऊन चार गुण वाढवणं बहुधा फायद्याचं. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं अशा बंधनकारक 'अर्ली डिसिजन'नं अर्ज केला, की घासाघीस करायची ताकद गेली. तुल्यबळ स्कूलचं ऑफर लेटर जोडून, नेमका आकडा लिहून, प्रवेशाची अनामत भरण्याआधी विचारा; आणि वाढ मिळाली तर ती तिन्ही वर्षांसाठी, विनाअट आहे, हे लेखी घ्या.