डे लिलीचं ‘पाच नग, मिक्स रंग’ पाकीट: घ्यावं का?

पुण्यात नर्सरीच्या काउंटरवर आणि ऑनलाइन ‘डे लिली बल्ब’ म्हणून मिळणारं हे पाकीट. मुळात डे लिलीला बल्ब नसतोच. बोटभर जाड, मांसल मुळांचा झुबका आणि वर पंख्यासारखी पानं, असं रोप यायला हवं. कांद्यासारखा पापुद्र्यांचा गोल कंद निघाला तर ती रेन लिली नाहीतर अ‍ॅमरिलिस समजा. पाकिटावर निळं फूल छापलं असेल तर घेऊच नका. निळी डे लिली अजून जगात कुणी तयार केलेली नाही.

मुळं दाबून पाहा. टणक हवीत, पिचपिचीत किंवा आंबूस वास येणारी परत करा. बरी असतील तर तासभर पाण्यात ठेवा, कुजका भाग कापा, पानं वीतभर ठेवून छाटा. बारा इंची कुंडीत एकच रोप. दोन भाग पोयटा माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू, मूठभर नीमपेंड. मध्ये मातीचा उंचवटा करून त्यावर मुळं पसरा. मुळं आणि पानं जुळतात तो गड्डा मातीखाली दोन-अडीच सेंटिमीटरच असावा. इथेच बहुतेकांचं चुकतं. जास्त खोल गेला की फुलं येत नाहीत आणि पावसाळ्यात गड्डा सडतो. नुसत्या काळ्या मातीत तर हमखास.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. ऊन किमान सहा तास हवं, त्यामुळे पूर्वेच्या अरुंद गॅलरीत पैसे वाया जातील. युरिया टाळा, पानं माजतात, फुलांचे दांडे येत नाहीत. कोवळ्या कळ्यांवर मावा आणि फुलकिडे येतात, निंबोळी तेल संध्याकाळीच फवारा.

पाकिटाची खरी खोट वेगळीच: जात लिहिलेली नसते. थंडीत पानं झडून झोपी जाणाऱ्या जातींना लांब, कडक थंडी लागते. ती पुण्यात नाही, म्हणून त्या इथे खुरटतात. सदाहरित जात लिहिलेली असेल तरच पाकीट घ्या. नाहीतर सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत फुलावर आलेलं पिशवीतलं रोप निवडा: रंग डोळ्यांसमोर, मुळं रुजलेली. एक फूल एकच दिवस टिकतं, त्यामुळे फुलं न मोजता दांड्यावरच्या कळ्या मोजा.

घरात मांजर असेल तर दोन्हीही नको. पान चघळलं तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.