टिनाच्या शेडमधलं वायफाय : उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

बुटीबोरी एमआयडीसीत आमचं गोदाम आहे. उंच टिनाची शेड, लोखंडी रॅक, पोरांच्या हातात स्कॅनर. वायफायचा सिग्नल सोडणारे डबे, म्हणजे अॅक्सेस पॉइंट, हिवाळ्यात बसवले तेव्हा झकास चालले. स्पीड, अँटेना तुम्ही कंपनीच्या डेटाशीटवर (माहितीपत्रकावर) पाहिलंच असेल, मी त्यातल्या एकाच ओळीवर बोलतो, ऑपरेटिंग टेम्परेचर, म्हणजे मशीन किती तापमानात चालेल ते. आमच्या मॉडेलला ० ते ५० डिग्री लिहिलंय. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, आणि इन्स्टॉलरने पीस टांगले कुठे, तर वर टिनाला लागून! दुपार झाली की एकेक रीस्टार्ट होऊन राहिला, स्कॅनर अडकले, लोडिंगच्या गाड्या उभ्या. सर्व्हिसवाल्यांचं एकच, केबल तपासा, स्विच तपासा. अरे केबल १०० मीटरच्या आत आहे, पीओई स्विच (केबलमधूनच वीज देणारा) एसीत आहे, रात्री सगळं नीट चालतं, मग दुपारीच काहून बंद पडतं? उत्तर न देता तिकीट बंद करायचे, याचा मला अजून राग आहे.

तेव्हा मी एक स्टार देणार होतो. पण आमच्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी पाइप लावून सगळे पीस रॅकच्या माथ्यापर्यंत खाली घेतले आणि भर नवतपात रीस्टार्ट थांबले. म्हणजे मशीन चांगलं आहे, जागा चुकीची होती. खर्च फक्त पाइप आणि मजुरीचा.

पाण्याच्या बाटल्यांच्या गल्लीत मात्र रेंज मरायचीच, पाणी सिग्नल पिऊन टाकतं, आणि रेंजचा सर्व्हे झाला होता रॅक रिकामे असताना. तिथे गल्लीच्या तोंडाशी डायरेक्शनल (एकाच दिशेला सिग्नल फेकणारा) अँटेना लावला तेव्हा जमलं. दुसरं म्हणजे पॉवर फुल ठेवू नका. स्कॅनरवर कांड्या पूर्ण दिसतात पण त्याचा स्वतःचा आवाज लहान, तो लांबच्या अॅक्सेस पॉइंटपर्यंत पोचत नाही, आणि तरी तो त्यालाच चिकटून राहतो, जवळचा धरत नाही. पॉवर कमी केली, स्कॅनर ५ गीगाहर्ट्झवर नेले, २.४ वर फक्त एकमेकांवर न चढणारे १, ६, ११ चॅनेल ठेवले, आता चालता चालता स्कॅन होतं.

वस्तूला चार स्टार, सर्व्हिसला एकच. नवीन शेडसाठी ६५ डिग्रीवाल्या आउटडोअर मॉडेलचं कोटेशन मागवलंय, महाग आहे तरी तेच घेईन. एएमसीचे (वर्षाच्या देखभाल कराराचे) पैसे मात्र लेखी उत्तर आल्याशिवाय देणार नाही.