एमलोकेटनंतर काय: पीलोकेट की एफडी?

फेडोरा या लिनक्स वितरणाने (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाने) ३६व्या आवृत्तीत, फाइली नावावरून शोधणाऱ्या एमलोकेट या साधनाच्या जागी पीलोकेट आणले, आणि इतर वितरणांतही तोच बदल झाला आहे. तेव्हा जुने साधन सोडायचे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. गेल्या वर्षी लिनक्स नव्याने बसवताना मी पीलोकेट आणि एफडी ही फाइली शोधण्याची दोन्ही साधने काही महिने आलटूनपालटून वापरली.

दोघांची जातकुळी वेगळी आहे. पीलोकेट दिवसातून एकदा सर्व फाइलींच्या नावांची सूची करून ठेवते आणि विचारल्यावर केवळ त्या सूचीत पाहते. एफडी सूची ठेवतच नाही. ते त्या क्षणी एकेक फोल्डर उघडत जाते. ताजेपणात अर्थातच एफडी सरस आहे, कारण आत्ताच जतन केलेली फाइल पीलोकेटच्या गावी नसते आणि सकाळी पुसलेली फाइल ते संध्याकाळीही खुशाल दाखवते. वेगाबद्दल सांगायचे तर एसएसडीवर मला तरी फरक जाचला नाही.

एफडीची एक सवय मात्र ठाऊक असलेली बरी. लपवलेल्या फाइली आणि गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) दुर्लक्षित ठरवलेल्या फाइली ते आपणहून गाळते. प्रोग्रॅमरला हे सोयीचेच वाटेल; मी मात्र ‘आउटपुट’ फोल्डरमधला एक अहवाल हरवला असे समजून तो पुन्हा तयार करायला बसलो होतो. पीलोकेटही काही जागा वगळते, पण त्यांची यादी एकाच कॉन्फिग फाइलमध्ये असते आणि ती एकदा वाचली की विषय संपतो.

माझा निर्णय झाला तो टेबलाच्या खणातल्या चार जुन्या हार्ड डिस्कमुळे. वारसनोंदीसाठी गावच्या जमिनीच्या सातबाऱ्याचे स्कॅन हवे होते आणि ते नेमके कोणत्या डिस्कवर आहेत हे घरात कोणालाच आठवत नव्हते. एफडीने शोधायचे तर प्रत्येक डिस्क जोडायची, ती घरघरत जागी होईपर्यंत थांबायचे, शोध पुरा होऊ द्यायचा, आणि नाही सापडले की पुढची डिस्क. तिसऱ्या डिस्कवर स्कॅन मिळाले, पण त्यात अख्खी दुपार गेली. त्यानंतर मी पीलोकेटची सूची बनवणाऱ्या अपडेटडीबी या आदेशाकडून प्रत्येक डिस्कची स्वतंत्र सूची करून घेतली. आता डिस्क खणात असतानाच ‘सातबारा’ एवढे टाइप केले की ती कोणती, हे कळते. यात एकच मेख आहे: सूची करताना दृश्यतेची तपासणी (फाइलीपर्यंतचे फोल्डर शोधणाऱ्याला उघडता येतात का, हे पाहणे) बंद ठेवावी लागते, नाहीतर डिस्क जोडलेली नसताना तिच्यावरच्या फाइली निकालात येत नाहीत.

ज्यांचे सगळे काम एकाच प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये चालते, त्यांना कदाचित एफडीच अधिक मानवेल. मीही ते काढून टाकलेले नाही. डेबियन या वितरणावर त्याचा आदेश ‘एफडीफाइंड’ असा लिहावा लागतो एवढेच. पण कोणाला एकच साधन ठेवायचे असेल, तर माझा कल पीलोकेटकडे आहे, जरी डिस्कवर भर टाकल्यावर तिची सूची ताजी करायला मी आजवर दोनदा विसरलो असलो तरी.