सोनेवा फुशी: झाडीतला महागडा एकांत

मालदीव म्हटलं की पाण्यावर उभा असलेला लाकडी व्हिला आणि खाली निळंशार पाणी असा फोटो डोळ्यांपुढे येतो. तोच हवा असेल तर सोनेवा फुशीपेक्षा कमी पैशांत तो देणारी बेटं पुष्कळ आहेत. बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) कुनफुनाधू बेटावरचं हे रिसॉर्ट १९९५ साली सोनू आणि इव्हा शिवदासानी या दांपत्याने सुरू केलं. बेटाची लांबी दीड किलोमीटरच्या आत, रुंदी साधारण चारशे मीटर. मालदीवच्या रिसॉर्टांच्या मानाने हे बेट ऐसपैसच. त्यावरची झाडी मुद्दाम राखली आहे, म्हणून किनाऱ्यावरून बघितलं तर बहुतेक व्हिला दिसतही नाहीत. पैसे मोजायचे ते या झाडीचे आणि एकांताचे. पाण्यावरचे घसरगुंडीवाले व्हिला इथे बरेच उशिरा आले. मुलं खूश होतील, पण बेटाची खरी मजा जमिनीवरच्या व्हिलात आहे.

व्हिला कोणत्या बाजूचा घ्यायचा, हे महिना बघून ठरवा. साधारण मे ते ऑक्टोबर वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या बाजूला लाटा जास्त. डिसेंबर ते एप्रिल वारा ईशान्येचा, तेव्हा उलटं. वाऱ्याबरोबर वाळूही बेटाभोवती सरकते. मार्चमध्ये दारापुढे रुंद किनारा असेल, तर तिथेच ऑगस्टमध्ये पाणी पायरीपर्यंत आलेलं असू शकतं. वेबसाइटवरचा फोटो कोणत्या महिन्यातला आहे ते कुणी लिहीत नाही. म्हणून बुकिंग करताना ईमेलवर सरळ विचारा: ‘अमुक तारखांना या व्हिलापुढे वाळू असते का?’ नेमकं उत्तर मिळतं.

झाडी म्हणजे डासही आलेच. इथे औषधाचा धूर न मारता जागोजागी सापळे लावलेत. माणसाच्या वासासारखा वास आणि कार्बन डायऑक्साइड सोडून ते डासांना ओढून घेतात. उपाय चांगला आहे, पण न्हाणीघर उघड्यावर असल्याने तिन्हीसांजेला घोट्यांना मलम लावूनच आंघोळीला जावं. पाली आणि फळं खाणारी मोठी वटवाघळं दिसणारच. ज्यांना त्यांचं वावडं आहे त्यांनी हे बेट सोडून द्यावं.

पोहोचल्या पोहोचल्या चपला-बूट काढून पिशवीत ठेवायला सांगतात. हा नुसता दिखावा नाही. बहुतेक ठिकाणी पायाखाली वाळूच असते आणि फिरायला सायकली असतात. रात्री मात्र झाडांखाली चांगलाच अंधार असतो. सायकलला दिवा आहे का ते दिवसाउजेडी बघून घ्या. गुडघे दुखत असतील तर वाळूतून सायकल हाकणं जड जातं, अशा वेळी बॅटरीवरची बग्गी बोलवावी.

आता प्रवास. मुंबईहून मालेला थेट विमान आहे, पण तिकीट काढताना पोहोचण्याची वेळ सांभाळा. बा अटॉलपर्यंत सी-प्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने) अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि सी-प्लेन फक्त दिवसा उडतं. दुपारी साडेतीननंतर मालेला उतरलात तर बहुधा ते मिळत नाही. मग एक तर विमानतळाजवळच्या हुलहुमालेत रात्र काढा, नाही तर देशांतर्गत विमानाने बा अटॉलमधल्याच धरवंधूला जाऊन पुढे स्पीडबोट घ्या. सी-प्लेनचं वेळापत्रक ट्रेनसारखं आधी छापलेलं नसतं. प्रवासी आणि बेटं जमवून ते आदल्या दिवशी लागतं, त्यामुळे लाउंजमध्ये दोन तास बसावं लागलं तर त्यात नवल नाही. ट्विन ऑटर जातीचं हे छोटं विमान आहे. आत स्वच्छतागृह नाही, एसी नाही, आवाज जबरदस्त. सामानाला मर्यादा साधारण २० किलो, आणि हातातलं ५ किलो. हातातली बॅगही वजनकाट्यावर जाते, जादा किलोचे पैसे वेगळे पडतात. कॅमेऱ्याच्या लेन्स घेऊन जाणाऱ्यांनी घरीच वजन करावं.

व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळतो, पण प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तोही फुकट. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा. ड्यूटी-फ्रीमधून दारू घेऊ नका, मालेच्या कस्टममध्ये ती काढून ठेवतात.

एका रात्रीचे दर चार आकडी डॉलरमध्ये असतात, पण छापलेला दर म्हणजे भरायची रक्कम नव्हे. त्यावर आधी १० टक्के सेवाशुल्क लागतं, आणि या बेरजेवर १७ टक्के पर्यटन जीएसटी (जुलै २०२५ पासून, आधी १६ होता). म्हणजे १,००० डॉलरचे आधी १,१०० होतात, मग १,२८७. सरळ २७ टक्के धरणारे इथेच चुकतात. जेवण, मसाज, बोट, सगळ्यावर हेच गणित. शिवाय अशा मोठ्या रिसॉर्टमध्ये हरित कर माणशी रोज १२ डॉलर. सी-प्लेनचं भाडंही बऱ्याचदा वेगळं, माणशी काहीशे डॉलर. दर कळवणाऱ्या ईमेलमध्ये ‘सगळे कर आणि सी-प्लेन धरून एकूण किती’ एवढा एकच आकडा मागा.

खाण्याच्या बाबतीत तक्रारीला जागा कमी. चॉकलेट आणि आइस्क्रीमची खोली पाहुण्यांना खुली असते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. भाजीच्या मळ्यावर उंचावर बांधलेलं ‘फ्रेश इन द गार्डन’ शाकाहाऱ्यांना सगळ्यात सोयीचं. तिथे जायला झुलता पूल ओलांडावा लागतो, आजी-आजोबा बरोबर असतील तर हे आधी लक्षात घ्या. मासे खात असाल तर एक दिवस न्याहारीला मास हुनी मागाच: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने चुरून कालवलेलं, सोबत पोळीच्या जवळची रोशी. कोकणातल्या माणसाला याची ओळख करून द्यावी लागणार नाही. जैन जेवण किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल तर आठवडाभर आधी कळवा. बेटावर बरंचसं सामान बाहेरून येतं, ऐन वेळी पनीर कुठून आणणार?

पावसाळ्यात, म्हणजे मे ते नोव्हेंबरच्या दरम्यान, दर त्यामानाने उतरतात आणि नेमकी तेव्हाच जवळच्या हनीफारू बे या खाडीची खरी वेळ असते. बा अटॉलला २०११ मध्ये युनेस्कोने राखीव जैवावरण क्षेत्राचा (बायोस्फिअर रिझर्व्ह) दर्जा दिला, त्यातलं हे सगळ्यात नावाजलेलं ठिकाण. खाडीचा आकार नरसाळ्यासारखा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरतीच्या जोराने प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आत ढकललं जातं आणि अडकून पडतं. ते खायला मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड चपटे मासे) येतात, तोंड उघडून, एकामागे एक रांग धरून. म्हणून तारखा निवडताना हॉटेलच्या ऑफरआधी कालनिर्णय बघा. आत स्कूबाला (हवेची टाकी लावून खोल बुडी मारायला) बंदी आहे, फक्त स्नॉर्कल (तोंडात नळी धरून पाण्याच्या वरच पोहणं) चालतं. सोबत गाइड हवाच, आणि पाण्यात राहण्याची मुभा ४५ मिनिटांची. मांटाच्या मागे पोहू नका. पाण्यावर स्तब्ध तरंगत राहिलं तर त्या वळून जवळून जातात, पाय आपटत पाठलाग केला तर खाणं सोडून खोल निघून जातात. मांटा दिसतीलच असं नाही, न दिसल्यास पैसे परत मिळतात का ते आधी विचारून घ्या.

बेटावरचं कचऱ्याचं केंद्र बघायला जा. ऐकायला विचित्र वाटेल, पण वेधशाळा आणि उघड्यावरच्या सिनेमाइतकंच ते बघण्याजोगं आहे. रिकाम्या बाटल्या वितळवून शेजारच्याच कार्यशाळेत काचेच्या वस्तू बनतात, ओल्या कचऱ्याचं खत मळ्यात जातं. पिण्याचं पाणी बेटावरच तयार करून काचेच्या बाटल्यांत भरतात. अशा महागड्या बेटांवर पर्यावरणाच्या गप्पा भरपूर असतात. इथे निदान भट्टी समोर पेटलेली दिसते.

परतीच्या दिवशी स्कूबा ठेवू नका. शेवटची डुबकी आणि विमान यांत १८ ते २४ तास अंतर हवं. सी-प्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि ती पहाटेचीही असू शकते. त्यामुळे बिल रात्रीच मागून बारवर आणि बोटीवर सही केलेल्या पावत्यांशी ताडून घ्या. सकाळी घाईत चार पानांचं बिल कुणी वाचत नाही.