तोरणमाळचा वाटाड्या झकास, जेवण मात्र घरून न्या

शहाद्याहून सातपायरी घाट चढून आम्ही धुळ्याचे चौघं वर तोरणमाळला, नंदुरबार जिल्ह्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी गेलो. यशवंत तलावाच्या काठाकाठाने दिवसभर चालायचं होतं, म्हणून गावातलाच एक पावरा आदिवासी तरुण वाटाड्या म्हणून सोबत घेतला.

तलाव पठारावर आहे, म्हणून वाट सपाट असेल असं समजू नका. डांबरी रस्ता सोडला की काळा दगड, मध्येच ओहोळ आणि पावसानंतरचं शेवाळ. नवेकोरे बूट घालून आलेला आमचा एक दोस्त दोनदा आपटला. वाटाड्या साध्या प्लास्टिकच्या चपलेत होता भो! त्याने पाण्यापासून जरा वरची, झाडीतून जाणारी गुरांची वाट धरली. विचारलं तर मोहाच्या झाडापासून कुठल्या ओढ्यावर टेकायचं इथपर्यंत सगळं सांगायचा. न विचारता बडबड नाही. मला हेच आवडलं. सीताखाईच्या कड्याशी मात्र सेल्फीवाल्यांना त्याने सरळ दंड धरून मागे ओढलं. पैसे आधीच ठरले होते, शेवटी कुरकुर झाली नाही.

जेवलो तिथली शेवभाजी नुसती तिखट, रस्सा पाणीदार, शेवेचा पार लगदा. घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा होता म्हणून निभावलं. ठिकाण हजार मीटरच्या वर आहे, तेव्हा हिवाळ्यात स्वेटर घ्याच. आणि सुटे पैसे जवळ ठेवा, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.