वरच्या वातावरणातील ढगाचे अंतर मोजायला शिकवणारी साताऱ्यातील कार्यशाळा

डिसेंबरमध्ये साताऱ्यात झालेल्या एका दिवसाच्या कार्यशाळेला मी गेलो होतो. रॉकेटमधून वरच्या वातावरणात सोडलेल्या वायूच्या ढगाची जागा त्रिकोणमितीने कशी ठरवतात, हा तिचा विषय होता आणि आयोजकांनी तो फळ्यावर न आटोपता आमच्याकडून प्रत्यक्ष करून घेतला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

सुरुवात केरळमधल्या थुंबा या रॉकेट प्रक्षेपण केंद्रापासून झाली. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तेथून उडालेल्या नाइकी-अपाची रॉकेटने संध्याकाळी सोडियमची वाफ सोडली. जमिनीवर अंधारून आले तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतेच, त्यामुळे ती वाफ नारिंगी-पिवळी उजळते. एका छायाचित्रातून ढगाची दिशा कळते, अंतर कळत नाही. मात्र दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रे घेतली, तर दिशारेषा जिथे छेदतात तिथे ढग असतो आणि तो छेदबिंदू कसा सरकतो यावरून तिथला वारा मोजता येतो.

आम्ही सरावासाठी विमानामागे उमटणारा पांढरा माग घेतला. एक गट अजिंक्यताऱ्यावर, दुसरा यवतेश्वरला. मागाचे छायाचित्र घेतल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच ठेवून, तारे दिसू लागताच पुन्हा छायाचित्र घ्यायचे आणि अभिजित व श्रवण या ताऱ्यांच्या आधारे मागाचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासून वरचा कोन, काढायचे, ही रीत मला फार आवडली. दोन्ही ठिकाणच्या उन्नतांशांत सुमारे चार अंशांचा फरक निघाला. आमच्या गणिताने उंची 11.4 किलोमीटर आली. विमानांची माहिती दाखवणाऱ्या ॲपवर त्या विमानाची उंची 10.7 किलोमीटर होती.

एका कॅमेऱ्याचे घड्याळ नऊ सेकंद मागे होते. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्यात माग तेवढ्यात 250 मीटर सरकतो आणि आधाररेषा, म्हणजे दोन कॅमेऱ्यांमधले अंतर, आखूड असल्याने ती चूक अंतरात कितीतरी पटींनी वाढते. शुल्क घेणाऱ्या आयोजकांनी हे आधी तपासायलाच हवे होते.

शेवटचा तास सर्वांत मोलाचा ठरला. सातारा आणि सांगली यांत सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर अंतर आहे, म्हणजे 150 किलोमीटर उंचीवरच्या ढगासाठी ही आधाररेषा चांगली. परंतु पृथ्वीच्या गोलाईमुळे दोन्ही गावांच्या ओळंब्यांत जवळजवळ एक अंशाचा फरक पडतो आणि तो विसरल्यास ढगाच्या जागेत काही किलोमीटरांची चूक होऊ शकते.

दहावीची त्रिकोणमिती पक्की असेल, तर अवश्य नाव नोंदवावे आणि कॅमेऱ्याचे घड्याळ घरीच मोबाइलशी जुळवून न्यावे.